चाळीस टक्क्यांसाठी घातलेलं गाऱ्हाणं

“एन्सेफलायटिस आहे,” डॉक्टर म्हणाले. म्हणजे मेंदूला सूज. ताप उतरतो, पण जाताना काय काय उचलून नेलं ते मागाहून कळतं.

आमची पल्लवी तेव्हा दहा वर्षांची. तापात बरळू लागली तेव्हा आम्ही दृष्ट काढत बसलो होतो. तुम्ही बसू नका, थेट इस्पितळ गाठा.

ती वाचली. चालणं परत आलं, हसू परत आलं. घड्याळ, पैसे, रस्ता ओलांडणं परत आलं नाही. शब्दही गेले होते; मग माझ्या बायकोने, सुनंदाने, माडाखाली बसून एकेक शब्द तिच्यात पुन्हा पेरला. समुद्रकाठी, तोंडवली गावात पर्यटकांना भाड्याने द्यायच्या आमच्या खोल्या आहेत. पल्लवीने पाहुण्याला आपलं नाव सांगितलं, की आमच्या घरी सण!

ती अठराची झाली आणि माझ्या कर सल्लागाराने विचारलं, “तुमच्या मागे हिचं काय?” दिव्यांग मुलांसाठी विम्याची एक योजना असते. बापाने पैसे भरायचे, आयकरात सूट घ्यायची, आणि बाप गेला की मुलाला दरमहा रक्कम. झकास योजना! मी फक्त मरायचं होतं. अट एकच: सरकारी दाखल्यावर दिव्यांगत्व किमान चाळीस टक्के हवं.

आठ वर्षं पोर सुधारावी म्हणून झटलेले आम्ही, ती जास्त तर सुधारली नाही ना, या काळजीने झोपेनासे झालो.

दाखल्याच्या तपासणीला निघताना शेजारच्या बापूंनी रीतीप्रमाणे देवाला गाऱ्हाणं घातलं. खणखणीत आवाजात. “बा देवा म्हाराजा! ह्या पल्लवी चेडवाक आज एकय उत्तर येवक देव नको रे म्हाराजा!”

“होय म्हाराजा!” आम्ही सवयीने ओरडलो. सगळ्यात मोठ्याने पल्लवी.

“मेल्यांनो, लाज वाटता काय?” सुनंदा म्हणाली. पण हात तिनेही जोडले होते.

तपासणी मानसतज्ज्ञ बाईंकडे. आधी आयक्यू टेस्ट, म्हणजे बुद्धी मोजायची. मग रोजचे व्यवहार किती जमतात ते बघायचं. पल्लवीने नाव सांगितलं. गावाचं नाव सांगितलं. रंग सगळे बरोबर! सुनंदा पदर चावत होती. मी मनात म्हणत होतो, चुक गो बाये, एकदा तरी चुक!

“घरात भूक लागली तर काय करशील?”

“बाबा दितलो.”

“बाबा घरी नसले तर?”

बाई खुळ्याच असाव्यात तशी पल्लवी हसली. “बाबा आसा.”

“समज, बाबा नाहीतच. मग?”

तिने माझा सदरा धरून मला पुढे ओढलं. “ह्यो बघा, आसा!”

बाईंनी खाली मान घालून लिहून घेतलं. दाखल्यावरचा आकडा चाळिसाच्या बराच वर आला.

त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही. त्यांनी घाई केली नाही. तुम्हीही मुलाला काही पढवून नेऊ नका. खरं असतं तेवढं पुरतं.

विमा सुरू झाला, करही वाचतो. पण सुनंदाने आता नवा धडा शिकवायला घेतला आहे. रोज सकाळी ती मला दाराआड उभं करते आणि पल्लवीला सांगते, “बाबा नाय. आता पेज कोण वाढतलो?” पल्लवी रडायची, घरभर हाका मारायची. मी श्वास रोखून उभा.

काल तिने हाक मारली नाही. स्वतः पेज वाढून घेतली आणि जेवायला बसली. एवढा आनंद मला आयुष्यात झाला नव्हता. बाहेर यावं की नाही, तेवढं कळेना.