बसून बघितलेला ओटा

गुरुवार, ६ नोव्हेंबर. उद्या सकाळी गवंडी येणार आहे आणि घरापुढच्या ओट्याचं माप मला आज ठरवायचं आहे. सोनिवलीच्या या घरात येऊन चार महिने झाले. पुढे मोकळी जागा भरपूर आहे. मला ओटा पार कंपाउंडच्या भिंतीपर्यंत हवा आहे, नवरा म्हणतो दोन खुर्च्यांपुरता बस झाला. "आपल्याकडे येतं कोण?" हा त्याचा मुद्दा. अंबरनाथची बिल्डिंग सोडल्यापासून दूधवाल्याखेरीज कुणी आमच्या फाटकाच्या आत आलेलं नाही.

असं काही अडलं की मी वत्सलावहिनींना फोन करायचे. त्या माझ्या मोठ्या जाऊबाई. नवरा वहिनी म्हणायचा, म्हणून मीही. त्यांना जाऊन वर्ष होत आलं.

वहिनींचं घर खरवईत. अंबरनाथच्या एका औषधांच्या कारखान्यात त्या वर्षानुवर्षं पॅकिंगला होत्या आणि तिथली रीत त्यांनी घरी आणली होती. "मोठ्या खोक्यात बाटली फुटते," हे त्या डब्यापासून लग्नाच्या हॉलपर्यंत कशाबद्दलही म्हणत. कपाट घ्यायचं ठरलं की त्या जागी आधी आठवडाभर रिकामी खोकी रचायच्या. येता-जाता कुणाचं कोपर लागलं की कपाट रद्द.

खरवईचं घर झालं तेव्हा दादांना, म्हणजे माझ्या मोठ्या दिरांना, पुढची सगळी जागा ओट्याखाली हवी होती. ते उल्हासनगरच्या चाळीत एका खोलीत वाढलेले, त्यांना आता आखडतं घ्यायचं नव्हतं. "चौदा एप्रिलच्या जयंतीला सगळी गल्ली आपल्याकडे बसली पाहिजे," म्हणाले. वहिनी म्हणाल्या, "जयंती वर्षातनं एकदा. चहा रोज." मग त्यांनी मातीवर चुन्याच्या फक्कीच्या रेघा मारल्या, आत चटया टाकल्या आणि घर तिथे हलवलं. चहा तिथे, भाजी निवडणं तिथे, रात्रीची जेवणंही तिथेच. त्या रविवारी मी गेले तर मला घरात जाऊच दिलं नाही.

"ए सुजाता, उभी राहून काय बघतेस? उभ्यानं काही कळत नाही. बस. आता पाय लांब कर. यांच्या ताटाला लागला?"

"लागला."

"अहो, रेघ वीतभर सरकवा."

"ही बाई मला एक दिवस पुठ्ठ्यात बांधून पाठवून देणार," दादा कुरकुरले. पण उठले, आणि रेघ सरकवली.

ओटा बेताचा झाला आणि रोज भरलेला असायचा. चुकलं एकच. हे सगळं बसणं जानेवारीत झालं होतं. जूनमध्ये पश्चिमेकडून झड आली आणि डावा कोपरा चार महिने ओला राहिला. दादांनी संधी सोडली नाही. "मॅडम, तुमच्या मापाचं काय झालं?" वहिनी पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. "सगळ्यांना बसवलं हो, पाऊसच बसवायचा राहिला!"

दादा गेल्यावर तो ओटा म्हणजे वहिनींचा दिवस झाला. चारनंतर गल्लीतल्या बायका यायच्या. कुणी लसूण सोलायला आणायची, कुणी सुनेची तक्रार. आणि त्याच सुमाराला मिलिंदने, त्यांच्या मुलाने, गाडी घेतली. गाडी रस्त्यावर ठेवायला त्याचा जीव होईना. ओटा तोडून पार्किंग करायचं त्याने ठरवलं. वहिनींनी मला फोन केला. आवाज नेहमीसारखाच होता, पण इकडचं-तिकडचं विचारून झालं तरी त्या फोन ठेवेनात, तेव्हा मी काय ते समजले.

त्या मुलाशी भांडल्या नाहीत. "तोड. पण आधी आठ दिवस गाडी इथे आहे असं धरून राहू," एवढंच म्हणाल्या. बादल्या, टब, पिंप, जुनी खाट असं सगळं ओट्यावर गाडीच्या आकारात मांडलं. पहिल्या दिवशी बायका फाटकाशी उभ्या राहून बोलल्या. दुसऱ्या दिवशी लवकर गेल्या. पुढे आल्याच नाहीत. एका संध्याकाळी मिलिंद कामावरून आला तर आई आत, बंद टीव्हीसमोर.

"आज कुणी आलं नाही?"

"कशा येतील? गाडी आहे ना."

"आई, हे इमोशनल ब्लॅकमेल आहे हां."

"नाही रे बाळा. हे माप आहे. तुझ्या गाडीचं झालं, आता माझं घे."

माप घेताना वहिनींनी स्वतःच डावा कोपरा तोडायला सांगितला. "पाऊस बसतो तिथे गाडीचं तोंड बसू दे." गाडी तिरकी का होईना आत आली. मिलिंदला ती काढताना रोज दोनदा पुढे-मागे करावं लागे आणि ओट्यावरून बायका एकसुरात ओरडत, "अजून! अजून! बस, बस!" तो वैतागायचा. पण कधी कुणी ओरडलं नाही तर खिडकीतून डोकं काढून बघायचा.

वहिनी गेल्या त्यानंतर त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी ओटा पुरला नाही. रस्त्यावर खुर्च्या मांडाव्या लागल्या. कुणी तरी म्हणालं, ओटा मोठा हवा होता. मला ते पटलं नाही. त्या एका दिवसासाठी वहिनींनी तो बांधलाच नव्हता.

आता माझा प्रश्न. वहिनींनी पहिलं विचारलं असतं, "रोज बसणार कोण?" खरं उत्तर, आम्ही दोघं. म्हणजे नवऱ्याचं माप बरोबर. संध्याकाळी मी त्याला तसं सांगून टाकलं. जिंकून त्याला फारसा आनंद झालेला दिसला नाही.

शुक्रवारी सकाळी मी गवंड्याला फोन करून पुढच्या आठवड्यात यायला सांगितलं. दोन खुर्च्यांपुरती फक्की मारली, खुर्च्या ठेवल्या आणि चहा बाहेर आणला. समोरच्या घरातली सिंधी बाई झाडांना पाणी घालत होती. चार महिन्यांत आम्ही एकमेकींकडे बघून मान हलवण्यापलीकडे गेलो नव्हतो.

"भाभी, सामान बाहर क्यों? घर खाली कर रहे हो क्या?"

"नहीं, नहीं. ओटा बांधायचाय. बैठके देख रहे हैं. आओ ना, चाय है."

ती नळ बंद करून आत गेली. मला वाटलं, टाळलं. नवऱ्याने पेपरचं पान उलटलं. मग तिचं फाटक वाजलं. आमच्याकडे दोनच खुर्च्या दिसल्या म्हणून ती आपली खुर्ची डोक्यावर धरून रस्ता ओलांडत होती. तिने ती रेघेच्या बाहेर ठेवली आणि बसली. मी तिच्या हातात कप दिला, चपलेने रेघ पुसली आणि तिच्या खुर्चीच्या मागून नवी मारली.