सत्काराची शाल

माझे वडील अंथरुणाला खिळले, तेव्हापासून वर्षभर त्यांना सांभाळणारी बाई सायकलवरून रोज आमच्याकडे येते. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी बाबांची कूस बदलते. घड्याळ चुकेल, ती चुकत नाही.

सोनईत अशा घरोघरी रुग्ण सांभाळणाऱ्या बायकांचा सत्कार ठरला. बाबांजवळ बायकोला ठेवून मी तिला मोटरसायकलवरून घेऊन गेलो. अकराला बोलावलेल्या बायका मांडवात घामाघूम झाल्या आणि पाहुणे एकला उगवले. मग प्रत्येक पुढाऱ्याने आपण आईची सेवा कशी केली, ते सांगितलं. त्यांच्या आया घरी ऐकत नव्हत्या, हेच नशीब. ती मात्र सारखं माझ्या मनगटावरचं घड्याळ बघत होती.

"बाबांची कूस बदलायची राहिलीया. वैनींना एकटीला पेलायचं न्हाई," म्हणाली आणि उठलीच. "तुमी बसा. मी रिक्षानं जाते."

मी बसलो.

थोड्या वेळाने तिचं नाव पुकारलं. कुणी उठेना, म्हणून मी गेलो. सूत्रसंचालक "आदर्श सुपुत्र!" म्हणून ओरडला. टाळ्या पडल्या. मी दोन्ही हातांनी शाल घेतली, फोटोसाठी हसलोसुद्धा.

घरी आल्यावर शाल तिला दिली. तिने लगेच चौपदरी घडी घातली.

"जाड हाय, बरं झालं. पोटऱ्यांखाली घातली की टाचा टेकायच्या न्हाईत. पाय उचला जरा."

मी बाबांचा पाय अंगठ्याला धरून उचलायला गेलो.

"असं न्हाई," ती म्हणाली. "दोन्ही हातांनी. शाल घेतली असंल तसं."