स्फोटानंतरची भिंत

महास्फोट या शब्दावर माझा राग आहे. कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवताना तो मी कितीतरी वेळा फळ्यावर लिहिला असेल, मुलांनी निमूटपणे वहीत उतरवून घेतला, कुणी काही विचारलं नाही. विचारलं ते बाबांनी. बाबा आयुष्यभर कोळशाच्या खाणीत सुरुंग उडवण्याचं काम करत होते. अशा माणसाला स्फोट शिकवायला जाणं म्हणजे आचाऱ्याला वरण कसं शिजवतात ते सांगणं.

झालं असं, की गेल्या हिवाळ्यात आमच्या वस्तीतल्या बौद्ध विहारात रविवारी बोलशील का, असं तिथल्या मंडळींनी मला विचारलं. विषय मीच दिला : विश्वाची सुरुवात आणि तिचे पुरावे. बोलायची तालीम घरी बाबांसमोर करावी, ही दुर्बुद्धीही मलाच सुचली. दोन वाक्यं झाली असतील नसतील, त्यांनी हात वर केला.

"भोक कुठं होतं?"

"कशाचं भोक?"

"सुरुंगाचं वं. बारूद भराले भोक पाडल्याबिगर सुरुंग उडते काय? कोन्या जागी उडाला? मंधात कुठं?"

नागपूरच्या माणसाला मध्य विचारल्याशिवाय चैन पडत नाही. गावात देशाचा मध्य दाखवणारा झिरो माईलचा खांब असला, की विश्वाचाही कुठेतरी असणारच, असं तो धरून चालतो. मी सांगितलं, मध्य नाही. अमुक जागी काही फुटलं नाही. जागाच ताणली गेली, सगळीकडे, एकदमच.

"धूर नाही, दगड नाही, भोक नाही," बाबा म्हणाले. "मंग तू स्फोट काहून म्हणून राहिली? मले पटलं नाही."

त्यांचं बरोबर होतं, म्हणूनच मला संताप आला. मी वही आपटून आत गेले.

आमच्या घरात "पटलं" हा शब्द फार महाग आहे. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, आणि तपासल्याशिवाय काही मानायचं नाही, हे तेव्हापासून घरात मुरलं. शाळेतून येऊन मी काही सांगितलं की बाबा म्हणायचे, "पुरावा?" त्या एका शब्दाने मी विज्ञानाकडे गेले. पण पदवी मिळाली, नोकरी लागली, तरी माझ्या विषयातलं काही त्यांना पटलं, असं त्यांच्या तोंडून कधी आलं नाही. रविवारी सगळ्यांसमोर ते यावं, एवढीच माझी इच्छा होती. वयाच्या पंचेचाळीसाव्या वर्षी असलं काही हवंसं वाटतं, याची मला लाज वाटायची, आणि तरी ते हवंच होतं.

पुढचे चार दिवस मी धड बसले नाही. दूध दोनदा उतू घालवलं. वर्गात चालू तासाला थांबले, कारण एकदम वाटलं, हे सगळं मी तरी कुठे तपासलंय? पुस्तकातून घेतलं, फळ्यावर उतरवलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. रस्त्याने चालताना मी स्वतःशी पुटपुटत होते, शेजारीण विचारून गेली, बरं आहे ना.

शनिवारी दुपारी बाबा गच्चीवर उन्हात बसले होते. मी समोर जाऊन उभी राहिले आणि उभ्याउभ्याच सुरू केलं. दूरच्या दीर्घिकांचा प्रकाश लाल रंगाकडे सरकलेला दिसतो, म्हणजे त्यांच्या-आपल्यातलं अंतर वाढत चाललंय. विश्वात हायड्रोजन किती, हेलियम किती, हे सुरुवातीच्या उष्णतेवरून मांडलेल्या गणिताशी जुळतं. आणि आकाशात कुठेही दुर्बीण वळवा, सगळीकडून एक मंद, जवळजवळ सारखीच ऊब येते. तो तेव्हाचाच प्रकाश आहे, थंड होत होत अजून येतोय.

"तू पायलं काय?"

"कोनीच नाही पायलं!" माझा आवाज चढला. "तुमी तरी सुरुंग उडताना तिथं उभे राहत होते काय?"

"उभा राहलो असतो तं तू जन्माले आली नसती." ते हसले. मग सांगू लागले. धूर निवळला की आत जायचं. आधी छत पाहायचं, मग भिंत. तडे कुठून कुठे गेलेत, दगड कसा पडलाय, काळं कुठे झालंय. त्यावरून कळतं, कोणतं भोक उडालं, कोणतं राहिलं, बारूद किती होती. "पायनारा कोनी नसतेच. मांगून जाऊन भिंत वाचा लागते."

"हेच तर मी सांगून राहिली!" मी अक्षरशः टाळी वाजवली. "आता पटलं ना?"

बाबांचा एक दोस्त खाणीतल्या अपघातात गेला होता, हे मला माहीत होतं. कसा, ते मी कधी विचारलं नव्हतं.

"एक सुरुंग उडाला नोता," ते म्हणाले. "म्या सायबाले सांगतलं होतं. सायेब म्हने काम थांबवू नका. दुसऱ्या पाळीत माह्या दोस्ताले तिथंच भोक पाडाले पाठवलं. त्याले कोनी सांगतलंच नाही, अन् राहलेला सुरुंग उडाला. धूर गेल्यावर पयला मीच आत गेलो. भिंत साफ सांगत होती. पन चौकशीच्या कागदावर लिवलं, मयत कामगाराचा निष्काळजीपना. अन् खाली सही माही."

मला पळून जावंसं वाटलं. त्यांच्याकडे बघवेना. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणाले, "जाऊ द्या ना बाबा. इतके वर्षं झाले. आता काय उरलं असन त्याचं?"

आणि ऐकलं मी काय बोलले ते. कोट्यवधी वर्षांपूर्वीचा प्रकाश अजून येतो, म्हणून नुकतीच टाळ्या वाजवणारी मी.

"त्याची बायको हाय ना," बाबा म्हणाले. "तिले आजबी वाटते, चूक तिच्या नवऱ्याचीच होती."