राखणीचं नाव

लिफाफेवाल्या वहिनींच्या घरातली पुढची खोली घराची नव्हतीच, ती लोकांच्या टपालाची होती. मधोमध लांबलचक टेबल, त्यावर घडी दाबायची लाकडी पट्टी, ओला स्पंज आणि रबरबँडांचा डबा. चष्मेवाले, दातांचे डॉक्टर, गादीवाले असे बावीस जण आपापली पत्रकं इथे टाकून निर्धास्त व्हायचे. घड्या घाला, पाकिटात सरकवा, पत्त्याच्या पट्ट्या चिकटवा, भागवार गठ्ठे बांधून टपाल कचेरीत पोचवा, एवढं काय, कोणीही करेल. वहिनींचा खरा तोरा होता याद्यांचा. कोणी घर बदललं, कोणाचं दुकान बंद पडलं, कोणी हे जगच सोडलं, की त्यांच्या कॉम्प्युटरात त्याच दिवशी दुरुस्ती. एखादं पाकीट परत आलं तर त्यांना दोन दिवस जेवण गोड लागायचं नाही.

प्रत्येक यादीत त्या एक नाव आपल्या घरचं घालून ठेवायच्या. त्याला त्या राखणीचं नाव म्हणत. पहिल्या दिवशी फक्त शंभर पाकिटं टाकायची, त्यात हे एक. ते घरी धड पोचलं की मग उरलेली हजारो. आणि बावीसच्या बावीस याद्यांत हे नाव होतं सासूबाईंचं.

पाकिटं सून भरते हे सासूबाईंना दिसायचं, पण राखणीच्या नावाचं काही ठाऊक नव्हतं. त्यांची समजूत अशी, की शहरातले बडे दुकानदार आपल्याला आठवणीने पत्रं पाठवतात. पोस्टमनची चाहूल लागली की त्या दारात हजर. मग खुर्चीत बसून पत्रक अथपासून इतिपर्यंत वाचायचं आणि निकाल द्यायचा.

"गादीवाल्याने यंदा कागद हलका वापरलाय. धंदा बसला वाटतं."

"दातवाल्याचं पाकीट अर्धं उघडंच आलंय. काय गं, डिंक संपला होता का?"

वहिनी गालातल्या गालात हसायच्या आणि पुढच्या खेपेला डिंक वाढवायच्या. असा फुकटचा तपासनीस कुठे मिळतो? सासूबाई खुशीत, वहिनीही खुशीत. घरात सासू-सून दोघी एकाच वेळी खूश आहेत म्हटल्यावर वहिनींचे यजमान मात्र थोडे धास्तावलेलेच असायचे.

त्यांची धास्ती खरी ठरली ती चष्मेवाले नवं काम घेऊन आले त्या दिवशी. ते चहाचा पहिला घोट घेतात न घेतात तोच सासूबाई दोन पाकिटं नाचवत बाहेर आल्या.

"तुमचं मागचं पत्र मला दोनदा आलं हो! एकदा पूर्ण नावाने, एकदा अर्ध्या. आणि आमच्या सूनबाई म्हणतात, माझी यादी एकदम चोख!"

चष्मेवाले मनापासून हसले. वहिनींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गिऱ्हाइकापुढे! आणि वर म्हातारीचं म्हणणं शंभर टक्के खरं. चष्मेवाल्यांची पाठ वळताच त्या फाडकन बोलल्या,

"आई, यादीत तुमचं नाव मी घातलंय, माझ्या कामासाठी. त्या दुकानांत तुम्हाला कोणी ओळखतसुद्धा नाही."

सासूबाईंनी हातातली दोन्ही पाकिटं टेबलावर सरळ लावून ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बॅग भरून वहिनींच्या मोठ्या दिरांकडे निघून गेल्या, चार तासांच्या प्रवासावर. किती दिवसांसाठी, ते सांगितलं नाही. यजमानांनी विचारलं तर म्हणाल्या, "बघू." वहिनींनीही फणकाऱ्यात बावीस याद्या उघडल्या आणि नियमावर बोट ठेवून नाव काढून टाकलं. जो पत्त्यावर नाही, तो यादीत नाही.

आता राखणीचं पाकीटच नाही, तर वाट कोणाची बघायची? चष्मेवाल्यांची चार हजार कार्डं वहिनींनी एका दमात टपालात टाकली.

तिसऱ्या दिवशी चष्मेवाल्यांचा फोन आला. "वहिनी, माझ्या घरी माझ्या बायकोचं कार्ड यायचं होतं. आलंय समोरच्या न्हाव्याच्या नावाने. आणि न्हाव्याकडे गेलंय कोणत्या तरी मुख्याध्यापिकेचं."

वहिनींनी यादी उघडली आणि कपाळाला हात लावला. नावं वर्णक्रमाने लावताना फक्त नावांचा रकाना हलला होता, पत्ते जागच्या जागीच राहिले होते. चार हजार माणसं एका फटक्यात दुसऱ्यांच्या घरात राहायला गेली होती! पहिल्या शंभरांतच सासूबाईंच्या हातात कोणा परक्याचं पाकीट पडलं असतं आणि त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. तिथेच सगळं थांबलं असतं.

त्या रिकाम्या खुर्चीकडे बघून वहिनींना रडू फुटलं. कार्डं काय, पुन्हा छापता येतात. पण जिला दाराशी काहीतरी आपल्या नावाने आलेलं हवं असायचं, तिला आपण सांगितलं की तुला कोणी ओळखत नाही. फोन करायचं धाडस त्यांना होईना. मग त्यांनी आपल्याला येत होतं तेच केलं. पत्त्याची खात्री करायला वहिनी यादीतल्या लोकांना एक जोडकार्ड पाठवत. अर्धं वाचायचं, अर्धं खूण करून परत टाकायचं. चौकटी तीन: पत्ता बदललेला नाही, पत्ता बदलला आहे, यापुढे पत्र पाठवू नये. सासूबाईंच्या नावाची पट्टी चिकटवून कार्ड त्यांनी दिरांच्या पत्त्यावर टाकलं. खाली हाताने लिहिलं, "आई, माझं चुकलं. तुमच्यावाचून माझं काम अडलंय, आणि घरही."

नवी चार हजार कार्डं दुरुस्त होऊन टेबलावर तयार झाली. वहिनी ती काही टाकेनात. चष्मेवाल्यांचे रोज फोन. यजमान रोज कामावरून आल्यावर आधी टपालपेटी बघत आणि मान हलवत आत येत. पाचव्या दिवशी वहिनींच्या मनाने घेतलं, की तिसऱ्या चौकटीवरच खूण झाली असणार.

सहाव्या दिवशी कार्ड आलं. पहिल्या चौकटीत ठळक खूण होती. पत्ता बदललेला नाही. आणि खाली सासूबाईंचं टपोरं अक्षर: "पट्टी वाकडी चिकटवली आहेस. उद्या येते. तोवर काही पाठवू नकोस."

वहिनी कार्ड हातात धरून हसतायत आणि डोळे पुसतायत, तेवढ्यात फोन वाजला. चष्मेवालेच.

"वहिनी, आज तरी गेली का कार्डं?"

"नाही," वहिनी म्हणाल्या. "उद्या शंभर जातील. बाकीची आमच्या आईंनी बघितल्यावर."