अध्याय अकरा, ओवी कितवी?

तळवलीच्या गोटीरामला संशय यायला कारण लागत नसे. विजेचा मीटर वाचायला माणूस आला की हा त्याच्या मागे उभा राहून वहीत डोकावणार, आणि अक्षर लागलं नाही तर त्याला पुन्हा लिहायला लावणार. रस्त्यापलीकडच्या कारखान्यातल्या कुणी सहज "काय काका, बरं आहे ना?" म्हटलं, तरी "आज का इचारला असंल?" म्हणून दुपारपर्यंत डोक्यात भुंगा. त्याची बायको सुंदराबाई कपाळावर हात मारून घ्यायची. "या मानसाला देव भेटला तर आदी त्येचा पत्ता इचारंल," म्हणायची.

हसा, हसा. पण हा माणूस जन्मापासून असा नव्हता. नव्या शहरासाठी खाडीकडच्या जमिनी जायला लागल्या, सत्तर सालानंतरची गोष्ट, तेव्हा त्याच्या बांधावर मोजणीची साखळी घेऊन माणसं आली होती. फार गोड बोलली. "काका, घाबरू नका, फक्त नंबर टाकतोय," म्हणाली. यानेच त्यांना घरून ताक आणून पाजलं! आणि ज्या ज्या खाचराला नंबर पडला ते ते खाचर गेलं. तेव्हापासून कागद, पेन आणि गोड बोलणं या तिन्हींशी त्याचं वाकडं झालं.

राहिली होती ती एक पोथी. श्रावणात गावच्या मारुतीच्या देवळात संध्याकाळी पोथी लागायची आणि वाचायला गोटीराम बसायचा. आधी त्याचा बाप बसायचा. पोथी शिळाछापाची, जुनी, तांबड्या फडक्यात बांधलेली. वर्षभर ती गोटीरामच्या घरी पेटीत असे. पोथीपुढे बसला की याच्या कपाळावरच्या आठ्या जायच्या. आवाज असा लागायचा की पोरंसुद्धा चुळबुळ करायची नाहीत.

शेतं गेली त्या श्रावणातली गोष्ट मात्र कुणाला ठाऊक नव्हती. अकरावा अध्याय संपला, पोथी मिटायची, आणि पानावरची नजर न काढता गोटीरामच्या तोंडून आपोआप निघून गेलं:

दोरी घेऊनि मोजिली धरा । म्हणती येथोनि आमुचा थारा ।
जिने पोशिले लेकरां । तिज कोणी न पुसे ॥

पानावर यातलं एक अक्षर नव्हतं. आता कुणीतरी विचारणार! पण विचारणार कोण? समोर बायजाबाई काकी बसलेली, नवरा नाही, मूल नाही, एकच खाचर होतं तेही गेलेलं. तिने पदर डोळ्यांना लावला आणि पोथीला हात जोडले. दुसऱ्या साली गोटीरामने ठरवलं होतं की यंदा ती ओवी म्हणायची नाही. काकीच म्हणाली, "गोट्या, ती दोरीची व्हवी ऱ्हायली रे." काय करणार बिचारा! म्हटली. पुढे काकी त्या अध्यायाचा उपास धरू लागली, ओवी ऐकल्याशिवाय पाणी तोंडात घेईना. दरसाल गोटीराम सगळ्यांच्या तोंडांकडे चोरून बघायचा, कुणाला कळलं तर नाही? आणि दरसाल म्हणायचा.

तर अशा बापाची मुलगी गोजरा. ठाण्याला कॉलेजात जाऊन एम.ए.ला बसलेली गावातली पहिली पोर. चौऱ्याऐंशी साल लागलं तेव्हा ती प्रबंध लिहीत होती, खाडीकाठच्या गावांतल्या पोथीवाचनावर. लहानपणापासून ऐकलेली ती ओवी तिने घेतली आणि त्यावर अख्खं प्रकरण उभं केलं: जमिनीचं दुःख आपल्या पोथीने कधीच सांगून ठेवलंय. प्रकरण सुरेख झालं होतं. फक्त पाया बापाच्या तोंडातला होता, आणि ते तिला माहीत नव्हतं.

एका संध्याकाळी ती घरी आली ती उतरल्या तोंडाने.

"बाबा, आमच्या मॅडमनी ओवीचा नंबर मागितलाय."

गोटीराम विडी पेटवत होता. काडी तशीच हातात राहिली. "नंबर? कसला नंबर?"

"अगदी साधं आहे रे. पोथीतलं वचन प्रबंधात घेतलं की कितवा अध्याय, कितवी ओवी ते लिहायचं असतं. पान सांगून भागत नाही, दर छापखान्याचं पान वेगळं पडतं. आणि पोथी कुणाची, कुठे ठेवलेली, तेही लिहायचं. वाचणाऱ्याला वचनापर्यंत जाता आलं पाहिजे, म्हणून. फक्त नंबर टाकायचाय."

फक्त नंबर! गोटीरामच्या मनात पाल चुकचुकली. कोण ही मॅडम? तिला घराचा पत्ता कशाला हवा? आज ओवीला नंबर, उद्या पोथीला, परवा देवळाला... आणि दुसरी पाल पहिलीपेक्षा मोठ्याने चुकचुकली: पोथी उघडली तर पोरीला तिथे काय दिसणार?

"पोथी श्रावनाबिगर सोडत नाय," तो म्हणाला.

"मी पेटीशी बसूनच बघते."

"नाय बोललो ना!"

गोजरा रडवेली झाली. "बाबा, त्यांच्या छापील पुस्तकात ही ओवी नाही. मी ती मनाने रचली असा त्यांना संशय आहे. तसं ठरलं तर प्रबंध जाईल, आणि पुन्हा कुठलं कॉलेज मला दारात उभं करील?"

त्या रात्रीपासून पेटीची किल्ली गोटीरामच्या करगोट्याला. दोन दिवसांनी पेटीतून पोथी काढून त्याने तांदळाच्या कणगीत लपवली. गोजराने ते बघितलं आणि आता तिलाही संशय आला, बापाचा! जेवताना ती त्याच्याकडे टक लावून बघायची आणि हा ताकास तूर लागू द्यायचा नाही. सुंदराबाई दोघांना वाढता वाढता वैतागली. "घर हाय का पोलीस ठानं?" म्हणाली.

शेवटी निरोप आला की मॅडम स्वतःच रविवारी येताहेत, छापील पोथी घेऊन.

शनिवारी सगळी शेजारच्या लग्नाला गेली तेव्हा गोटीरामने कणगीतून पोथी काढली. अकरावा अध्याय पानाच्या मध्यावर संपत होता. खाली दोन बोटं जागा कोरी. तेवढ्यात ओवी सहज बसली असती. गोजराचं पेन त्याने हातात घेतलं. शाई नवी दिसेल? चहाचं पाणी लावू. अक्षर वेगळं वाटेल? जुनी पोथी, कोण बघतंय! चोराला सुचावं तसं सगळं भराभर सुचत गेलं. मग पान धरायला म्हणून त्याने कोपऱ्यावर अंगठा टेकवला. तिथे तेलकट डाग होता. बाप पान उलटायचा तो इथेच धरून. गोटीरामला इतकी लाज वाटली की एकटा असूनही त्याने मान खाली घातली. लोकांना फसवलं ते फसवलं, पण पोथीला फसवायला हात धजेना. त्याने पेनाला टोपण लावलं.

रविवारी मॅडम, म्हणजे मालतीबाई, आल्या. सुती साडी, चष्मा, खांद्याला भलीमोठी पिशवी. गोटीरामने आधी पिशवीकडे बघून घेतलं, आत साखळी तर नाही? पुस्तकंच निघाली. बायजाकाकी ओट्यावर वाल निवडत बसली होती. पाहुणी आली म्हणून ती उठली नाही, उलट कान देऊन बसली.

चहा झाला. गोटीरामने पोथी आणली आणि स्वतःच्या हाताने पाटावर सोडली. मालतीबाईंनी हात जोडले, अकरावा अध्याय काढला, ओवीन् ओवी बोट ठेवून वाचली. मग चष्मा काढला.

"यातही नाही, गोजरा. मुलगी हुशार आहेस गं तू. पण शास्त्रवचन म्हणून आपलंच काही घुसवणं, याला माझ्याकडे क्षमा नाही. मला तसं विद्यापीठाला लिहावं लागेल."

गोजराच्या तोंडचं पाणी पळालं. तिने पोथीकडे पाहिलं, मग बापाकडे.

आता नाही तर केव्हा? गोटीरामने दाराबाहेर पाहिलं. ओट्यावर काकी होती. हिच्यासमोर बोलायचं?

"तिनं नाय केलं," तो म्हणाला. "मी केलं. माजी हाय ती व्हवी."

मालतीबाईंनी त्याला खालून वर न्याहाळलं. संशय घेणं काही गोटीरामची एकट्याची मिरास नव्हती. "मुलीसाठी बाप काहीही बोलेल," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुमचीच, याला आधार काय?"

आधार! तोंडातून निघालेल्याला आधार कुठून आणायचा? तेवढ्यात ओट्यावरून काकीचा आवाज आला.

"खोटारडी नाय गो आमची पोर! मी ऐकलीय ना ती व्हवी. याचा बाप वाचायचा तवा नव्हती. आमची शेतां गेली ना, त्या साली पयल्यांदी आली. मना वाटलं, देवाला दया आली, त्यानं त्या सालीच दावली..."

बोलता बोलता काकी थांबली. सुपातले वाल तसेच राहिले. ती उठून दारात आली, चौकटीला धरून उभी राहिली आणि गोटीरामकडे बघत राहिली.

"म्हंजी देवाची नाय ती, गोट्या?"

इतकी वर्षं ज्याची धास्ती घेतली होती ते हेच. खोटं बोलायला अजूनही वेळ होता. एक शब्द पुरला असता. पण गोजरा समोर बसली होती.

"नाय, काकी."

"मंग मी यवढी वर्सां हात कोनाला जोडलं?"

काकीने थोडी वाट पाहिली. मग सूप ओट्यावरच टाकून ती पायऱ्या उतरली आणि आपल्या घराकडे गेली. गोजरा तिच्यामागे जायला उठली, तर मालतीबाईंनी तिला हाताने बसवलं. वहीचं कोरं पान तिच्यापुढे सरकवत त्या हळूच म्हणाल्या, "तोंडी ओवी. पोथीत नाही. वाचकाने घातलेली. पुढे वाचकाचं नाव आणि गाव."

गोजराने पेन धरलं, पण ते कागदावर टेकेना. तिला ठाऊक होतं, हे छापून गावात आलं की बापाला पुन्हा कुणी पोथीपुढे बसवणार नाही.

"लिव," गोटीराम म्हणाला. "आनि नाव पुरं लिव."