रस्त्यापलीकडून काय दिसतं

रोकडेसर गेल्याची बातमी मला व्हॉट्सअ‍ॅपवर कळली, आणि ती एका भांडणाच्या मधोमध आली. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरच्या आम्हा डिझायनर मंडळींचा एक ग्रुप आहे. एकमेकांना कामं मिळावीत म्हणून तो काढला होता, पण तिथे मुख्यतः दुसऱ्यांच्या कामाचे वाभाडे काढले जातात. त्या सकाळी कुठल्याशा बिस्किटाच्या नव्या पुड्यावरून जुंपली होती. कुणीतरी लिहिलं, ‘अक्षरं किती चिकटलीत!’ त्याखाली सरांच्या मुलाचा, निखिलचा मेसेज आला, ‘पप्पा पहाटे गेले. अंत्ययात्रा चार वाजता, बुवापाड्याहून.’ आणि त्याखाली, वरचं न वाचताच टाइप करणाऱ्या एकाचं उत्तर, ‘अगदी सहमत.’ ते लगेच पुसलं गेलं. सर असते तर हसले असते, असं लिहायचा मोह होतो. पण ते हसले नसते. पुडा हातात घेऊन बघितलास का, एवढंच त्यांनी विचारलं असतं.

विलास रोकडे हे नाव या पुरवणीच्या वाचकांना माहीत असण्याचं कारण नाही. त्यांचं काम मात्र आमच्या भागातल्या बहुतेक स्वयंपाकघरांत असेल. पापड, खारी, मसाले, अगरबत्त्या... उल्हासनगरच्या बाजारातल्या कितीतरी पाकिटांवरची अक्षरं त्यांची. आधी ते ब्रशने दुकानांच्या पाट्या रंगवायचे. कॉम्प्युटर आला तेव्हा चाळिशीला टेकलेल्या या माणसाने मुलाच्या वयाच्या पोरांमध्ये बसून तो शिकून घेतला आणि एक छोटा गाळा भाड्याने घेतला. कॉलेज संपल्यावर मी बदलापूरहून तिथे कामाला जायला लागले. मला वाटायचं, मला सगळं येतं. पहिल्याच आठवड्यात केलेलं पापडाचं पाकीट त्यांनी छापून घेतलं, गाळ्याबाहेरच्या खांबाला टांगलेल्या प्लायवूडच्या फळीवर चिकटवलं आणि मला म्हणाले, “चल, रस्ता ओलांडू.”

हा प्लाय म्हणजे सरांची शाळा होती. काहीही तयार झालं की ते त्यावर लागायचं, आणि रस्त्यापलीकडून बघितल्याशिवाय गिऱ्हाइकाला जायचं नाही. मग ते दोन माणसांना विचारायचे. कधी थांबलेला रिक्षावाला, कधी शेजारचे पापडवाले सिंधी शेठ. “आवडलं का, असं विचारायचं नाही,” ते मला म्हणाले होते. “लोक आपल्याला बरं वाटावं म्हणून हो म्हणतात. काय दिसतं, ते विचार.” मिळालेली उत्तरं ते कागदाच्या खालच्या कडेला पेन्सिलने लिहायचे, आणि तिसरी ओळ ज्याने काम केलं त्याच्यासाठी मोकळी ठेवायचे. आपण पलीकडे जायचं, बघायचं, परत येऊन खरं काय दिसलं ते आपल्या हाताने लिहायचं. माझ्या पहिल्या पाकिटाखाली शेठनी सांगितलेलं लिहिलं होतं, ‘साबुन का डिब्बा.’ मी रुसले, पलीकडे गेले आणि परत येऊन मुकाट्याने ‘साबण’ लिहिलं.

पुढे मी स्वतःचं काम सुरू केलं. एमआयडीसीतल्या कंपन्यांची माहितीपत्रकं करता करता फेसबुकवर लिहायला लागले. कुठे पुतळ्याच्या चौथऱ्यावरची अक्षरं वाकडी, कुठे रुग्णालयाच्या पाटीवर दिशेचा बाण उलटा. माझी जीभ तिखट आहे, आणि लोकांना तिखट आवडतं. दोन वर्षांपूर्वी एका शहराने नवं बोधचिन्ह जाहीर केलं. नदीवरचा पूल, निळा आणि नारिंगी. मी मोबाइलवर त्याचा फोटो बघितला आणि चहा संपायच्या आत लिहून टाकलं, ‘हा पूल आहे की उलटी पडलेली कढई? काढणाऱ्याला आधी पेन्सिल धरायला शिकवा.’ दुपारपर्यंत ते सगळीकडे फिरत होतं. संध्याकाळी कुणीतरी काढणारीचं नाव शोधलं. नुकतंच शिक्षण संपवलेली मुलगी होती, तिचं पहिलंच मोठं काम. एकाने माझ्या पोस्टखाली तिचा पदवीच्या झग्यातला फोटो टाकला आणि मग लोक बोधचिन्ह सोडून तिच्याबद्दलच बोलायला लागले. मी तो फोटो काढून टाकू शकले असते. काढला नाही. माझी पोस्ट किती लांब जाते, ते मी बघत होते.

चौथ्या दिवशी, सगळे दुसऱ्या विषयाकडे वळल्यावर, सरांची टिप्पणी आली. ‘छापून प्लायवर लावलं. दोघांना विचारलं. दोघांनाही पूल दिसला. नारिंगी भडक आहे, पण तो छापताना आवरता येईल. रेषेत हात आहे. या मुलीने काढत राहावं.’ मी खाली लिहिलं, ‘सर, तुम्ही चार दिवस उशिरा आलात,’ आणि एक हसरा चेहरा टाकला. माझ्या उत्तरावर भरपूर लोक हसले. रात्री सरांचा फोन आला. “वैशाली, एकदा दुकानात येऊन जा. तुला एक दाखवायचंय.” मी येते म्हणाले. आठवडाभरात त्या मुलीने आपलं खातं बंद केलं. सरांनी नंतर आणखी दोनदा बोलावलं, कसलीही तक्रार न करता, आणि मी दोन्ही वेळा एमआयडीसीतल्या कामाचं कारण सांगितलं. काम होतंच. पण ते रागावतील ही भीतीही होती, आणि आपण चुकलोय हे मला कुठेतरी माहीत होतं. मग त्यांनी बोलावणं बंद केलं.

सरांच्या स्मरणार्थ ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला बुवापाड्यात गेले, तेव्हा मंडपाच्या तोंडाशी निखिलने केलेला फलक होता. पांढरा कागद, सरांचा फोटो, नाव, दोन तारखा. आमच्या ग्रुपमधले तिघे-चौघे त्याच्यासमोर उभे राहून फाँटबद्दल कुजबुजत होते. एकाने मला विचारलं, “काय वाटतं?” मी चपला काढून आत गेले. बाहेर पडताना रोकडेकाकूंनी हात धरला. म्हणाल्या, “गाळा सोडतोय आम्ही. तुझं एक आहे तिथे. त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. घेऊन जा बाई.”

गेल्या शनिवारी मी गेले. यंत्रं आधीच विकली होती. निखिल आतून प्लाय घेऊन आला आणि त्याने तो नेहमीच्या खांबाला टांगला. मला वाटलं होतं, त्यावर ते बोधचिन्ह असेल. त्यावर माझी पोस्ट होती. शब्दन् शब्द, खालच्या हसणाऱ्या चेहऱ्यांसकट आणि त्या फोटोसकट, मोठ्या कागदावर छापलेली, कडा पिवळ्या पडलेली. खाली सरांचं पेन्सिलचं अक्षर. ‘१. रिक्षावाला : कोण तरी लय तापलंय. २. शेठ : किसी की इज्जत उतारी है. ३. वैशाली :’ ...पुढे कोरं.

निखिल म्हणाला, “कुणी विचारलं तर पप्पा सांगायचे, ती येणारे.” मी रस्ता ओलांडला. मधून टेम्पो गेले, एक हातगाडी गेली. पलीकडच्या फुटपाथवर, जिथून मी साबण बघितला होता, तिथे वळून उभी राहिले. तिथून माझी अक्षरं अजिबात वाचता येत नव्हती. कढई नाही, पेन्सिल नाही, सगळा नुसता राखाडी पट्टा. त्याखाली तो फोटो तेवढा स्पष्ट होता, झग्यातली, टोपी जरा तिरकी झालेली, कॅमेऱ्याकडे बघून हसणारी. मला फार लाज वाटली. दोन वर्षं मी तो चेहरा एकदाही नीट बघितला नव्हता.

परत आले आणि निखिलकडे पेन्सिल मागितली. माझ्या नावापुढे लिहिलं, ‘एक मुलगी.’