दामाभाऊंची राखण

परवा दवाखान्यात नर्सनं दंडाला स्पिरिट लावलं आणि त्या वासासरशी मी मूल गावाजवळच्या जंगलात पोचलो, वीस वर्षं मागं, धान पिवळं पडायच्या दिवसांत.

आम्ही अभ्यासासाठी झुडपांवरचे, जाळी विणणारे कोळी गोळा करून मोजत होतो. वाटाडे दामाभाऊ झुडूप उलट्या छत्रीत झटकायचे. तेवढा वेळ मी पाठमोरं उभं राहून वाघ येतो का ते पाहत राखण करायची, असा नेम होता.

"साहेब, मकडी कुठी पळते? तुमी तिकडं पाहा," ते हसायचे.

त्या सकाळी छत्रीत हिरवागार कोळी पडला. मी वळलो, वाकलो आणि त्याला स्पिरिटच्या बाटलीत घेऊ लागलो. दामाभाऊ एकदाच ओरडले. वाघानं त्यांना नेलं.

संध्याकाळी त्यांच्या बायकोनं विचारलं, "तुमी राखणीवरच होते ना जी?"

"हो," मी म्हणालो.

"मंग तुमचा काय दोष?" म्हणत तिनं मलाच पाणी आणून दिलं. मी ते प्यायलो.